आठव्या तासाचा आकडा

अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात थोरली एकोणीस वर्षं कामाला होती आणि त्यातली चौदा तिनं अंधारात बसून काढली होती. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिचं कामच ते होतं. जिन्याच्या पायऱ्यांना, बोळांच्या कडांना, बाहेर पडायच्या दारांना लावायच्या पट्ट्या तिथं तयार होत. वीज गेली की त्या हिरव्या उजेडानं वाट दाखवत. दिवे चालू असताना उजेड पिऊन घ्यायचा आणि अंधार झाला की तो हळूहळू सोडायचा, एवढंच त्या रंगाचं काम. गिऱ्हाइकाचा प्रश्न नेहमी एकच असे: किती वेळ?

त्याचं उत्तर थोरली द्यायची. गोदामामागे एक खोली होती. तिला एकापुढे एक दोन दारं, आणि मध्ये जाड काळा पडदा. सकाळी नमुन्याची पाटी पांढऱ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवायची. कारखान्यात त्याला ‘पाटी भरणं’ म्हणत. मग दिवा बंद. पहिली काही मिनिटं पाटी अशी झळाळायची की नवख्या माणसाला वाटावं, ही आता दोन दिवस विझत नाही. पण निम्म्याहून जास्त उजेड त्या सुरुवातीच्या मिनिटांतच निघून जायचा. उरलेला मात्र चिवट असायचा. तो तासन्‌तास रेंगाळायचा, आणि इतका मंद, की बाहेरून आत आलेल्याला खोलीत काहीच नाही असं वाटावं. कारखान्यातलं मापयंत्र चौथ्या तासाला शून्य दाखवून मोकळं व्हायचं. तिथून पुढं माणसाचे डोळे.

थोरली आत जाऊन पंचवीस मिनिटं नुसती बसायची, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग रंग मिसळणारे काका पडद्याआडून चाचपडत येत, पाटीवर एक काळा पुठ्ठा सरकवत आणि निघून जात. पुठ्ठ्यात एक आकडा कोरलेला असे. कोणता, ते फक्त काकांच्या चिठ्ठीत. थोरलीला तो वाचता आला तर पाटी चालू. नाही आला तर पाटी संपली. दर तासाला नवा पुठ्ठा आणि नवा आकडा. बाहेर येऊन ती वहीत लिहायची, आणि तो निकाल.

“ताईंनी गेली म्हटलं की गेली,” काका म्हणायचे. “पुन्हा नाडी बघायची नाही.”

मालकही येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत, फक्त जरा भारदस्त शब्दांत. थोरली मान खाली घालून ऐकायची, पण ऐकायची पूर्ण.

मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, धाकट्या दिराची बायको. घर एकच, खाली थोरली, तिचा नवरा, मुलगी आणि सासूबाई, वर दीर आणि धाकटी. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी लग्नानंतर दीड वर्ष घरी बसून होती. विषय सासूबाईंनीच काढला. “अगं, तुझ्या मालकांच्या कानावर घालून बघ. एवढी शिकलेली पोर घरात बसून पडदे धुते. आता धुवायला पडदेही उरले नाहीत.”

थोरलीनं शब्द टाकला. तिला वाटलं होतं, बाटल्या धुवायला, नाहीतर लेबलं चिकटवायला घेतील. चार महिन्यांत धाकटी काकांच्या शेजारच्या टेबलावर रंग कालवायला लागली आणि सहा महिन्यांत काकाच तिला विचारून रंग कालवायला लागले. मालक तिला ‘मॅडम’ म्हणत. एकोणीस वर्षांत थोरली ताईची मॅडम कधी झाली नव्हती. तोवर तिला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

धाकटी वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. सकाळी दोघी बरोबरच निघत. थोरलीचा डबा ती उचलून स्वतःच्या पिशवीत टाकी, रस्ता ओलांडताना तिचा कोपर धरी. बोलायची भराभर, विचार न करता, आणि बोललेलं विसरून जायची. घरी आल्यावर थोरलीची मुलगी दप्तर घेऊन जिन्यानं थेट वर पळायची. आधी अभ्यासापुरती, मग कशासाठीही. एकदा मुलीच्या खोलीच्या छतावर धाकटीनं उरलेल्या रंगाचे ठिपके काढून दिले. झोपायच्या वेळी मुलगी आईला म्हणाली, “आई, काकूला विचारशील का, हे किती वेळ चमकतील?”

“मला विचार की. मी तेच काम करते.”

“तू बघतेस,” मुलगी म्हणाली. “काकू बनवते.”

थोरलीनं दिवा मालवला आणि ठिपके विझण्याची वाट न बघता खोलीबाहेर आली.

सासूबाईंचंही तसंच. पूर्वी औषधाची बाटली त्या थोरलीसमोर धरत, आता म्हणत, “राहू दे, धाकटी आली की वाचेल. त्यातलं तिला कळतं.” दर वेळी एवढंसंच काहीतरी. यातलं एकही सांगून कुणापाशी तक्रार करता आली नसती. नवऱ्यापाशी एकदा केली, तर तो म्हणाला, “मग चांगलंच आहे की, तुझं एक काम कमी झालं.” त्यानंतर ती मूग गिळून बसली.

त्याच सुमारास एका बोटकंपनीनं चौकशी केली. प्रवासी बोटींच्या खालच्या मजल्यावर, बोळांत जमिनीलगत लावायला त्यांना पट्ट्या हव्या होत्या. अट एकच: दिवे गेल्यावर आठ तासांनीसुद्धा आकडा वाचता आला पाहिजे. कारखान्याची सगळ्यात चांगली पाटी पाच तासांवर मान टाकायची. मालकांनी धाकटीला विचारलं, जमेल का. ती म्हणाली, बघते.

तिनं पहिलं काय केलं, तर पावडर दळणं बंद केलं. रंग गुळगुळीत व्हावा म्हणून काका वर्षानुवर्षं चमकती पावडर बारीक दळून घेत. धाकटी म्हणाली, “काका, दाणा फोडला की त्याचा उजेडही फुटतो. जाडच राहू दे. दिसायला खरखरीत दिसेल, पण अंधारात कोण हात फिरवून बघतंय?” मग तिनं पाटीला खालून पांढऱ्याशुभ्र रंगाचा हात दिला, म्हणजे खाली जाणारा उजेड परत वर यावा. असे एकामागून एक नमुने झाले. नववा हाती आला तेव्हा ती स्वतःशीच हसत होती.

नऊ नंबरची पाटी तपासायची त्याच दिवशी बोटकंपनीच्या बाई कारखाना बघायला आल्या. साठीच्या आसपासच्या, सावकाश चालणाऱ्या, सगळं नीट विचारणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत त्या धाकटीबरोबर गोदामातून फिरत होत्या. थोरली पाचव्या तासाचा आकडा वाचून बाहेर आली होती आणि उजेडानं दिपून दारापाशी डोळ्यांवर हात धरून उभी होती. त्यांना ती दिसली नाही.

“आणि हे तपासतं कोण?” बाईंनी विचारलं.

“आमच्या ताई. यंत्राला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं.”

“त्याचं काही शिक्षण असतं?”

“छे, त्याला शिकायला काही लागत नाही. नुसते डोळे चांगले लागतात,” धाकटी म्हणाली, आणि दोघी हसत पुढं गेल्या.

त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. थोरलीला ते तेव्हाही कळलं होतं. पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना.

सहाव्या तासाला पाटी उत्तम होती. थोरलीनं आकडा वाचला, बाहेर येऊन लिहिला. सातव्या तासाला काकांनी पुठ्ठा बदलला. अंधारात हिरवट धुक्यासारखा, पण कडा धरून असलेला चार तिच्यासमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत सातव्या तासाला तिनं काही वाचलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बाहेर आली. काका चिठ्ठी घेऊन उभे होते.

“काय, ताई?”

“नाही दिसला,” ती म्हणाली.

नियम असा होता, की एका तासाला आकडा वाचता आला नाही तरी पुढच्या तासाला पुन्हा एकदा बघायचं. चूक झाली असेल तर सुधारायला जागा म्हणून. ती पुन्हा आत गेली, पंचवीस मिनिटं बसली. आठव्या तासाला काकांनी पुठ्ठा सरकवला. सात. फिकट, अगदी फिकट, थेट रोखून पाहिलं तर विरघळणारा आणि नजर जराशी बाजूला नेली की परत येणारा, पण सात. सातव्या तासाला जीभ घसरली असं स्वतःला सांगता आलं असतं. आठव्या तासाला ते सांगता येण्यासारखं नव्हतं. तिनं बाहेर येऊन वही ओढली आणि लिहिलं: ‘सहा तास. पुढे वाचता आला नाही.’ खाली सही केली.

धाकटी धावत आली. वही वाचली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. कुठं ठेवावं ते न कळल्यासारखं थोडा वेळ तसंच राहिलं.

“मला वाटलं होतं आठ तरी जाईल,” ती म्हणाली.

काका म्हणाले, “एखादवेळेस पुन्हा लावून बघायची का?”

“नको, काका. ताईंनी सांगितलं म्हणजे तसंच असणार. माझंच काहीतरी चुकलंय.”

तिनं वाद घातला असता तर थोरलीला सोपं गेलं असतं.

पहिले चार-पाच दिवस थोरलीला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. तिला झोप छान लागली. भाजी चिरताना ती गुणगुणत होती. सासूबाई म्हणाल्या, “धाकटीचं काय बिनसलंय? कामाचं जमत नाही वाटतं. नुसतं पुस्तकातलं शिकून भागत नाही, हाताला सवय लागते.” थोरली म्हणाली, “होईल हळूहळू, आई. लहान आहे अजून.” आणि स्वतःचाच मोठेपणा तिला आवडला.

पण धाकटीनं निकाल खरा धरला होता आणि त्यावर ती काम करत होती. जाड दाण्यानं भागत नाही, असं तिनं ठरवलं. पुन्हा पावडर थोडी दळून पाहिली. पाटी चार तासांवर आली. पांढरा थर काढून पाहिला, त्याहून वाईट. ती रोज थोरलीपाशी वही घेऊन यायची.

“ताई, नऊ नंबरचा आकडा सातव्या तासाला कसा गेला? एकदम गेला, की कडा आधी पुसट झाल्या?”

थोरली म्हणाली, “कडा पुसट झाल्या.”

“सगळीकडून सारख्या?”

“खालच्या बाजूनं जास्त.”

तोंडाला येईल ते ती सांगत होती. दोन दिवसांनी ती धाकटीच्या टेबलापाशी गेली तेव्हा उघड्या वहीत तिला दिसलं: ‘खालच्या बाजूनं जास्त पुसट’, खाली दोनदा रेघ, आणि त्यापुढं पानभर, रंग खाली ओघळतो का, थर खाली पातळ पडतो का, पाटी वाळवताना आडवी ठेवली तर काय होईल. आपण सहज फेकलेल्या चार शब्दांवर धाकटीनं एवढं सगळं उभं केलं होतं. थोरली मागं फिरली. ती पुन्हा तिथं उभी राहिली नाही.

एका संध्याकाळी दीर खाली आला. एरवी हसतखेळत असणारा माणूस, खुर्चीच्या काठावर बसला. “वहिनी, जरा तिला समजवाल का? दोन घास खाते आणि उठते. म्हणते, मला येत नाही हे काम, ताईंनी उगाच माझ्यासाठी शब्द टाकला, त्यांना खाली बघायला लागेल. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

थोरली म्हणाली, “बोलते मी.”

ती बोलली नाही. तिनं मनात एक वाट काढली होती. पाटी पुन्हा एकदा तपासायची. आठव्या तासाला आकडा दिसला की म्हणायचं, त्या दिवशी माझंच डोकं दुखत होतं, डोळे नीट सरावले नव्हते. एवढंच. कुणाचं काही बिघडलं नाही आणि आपलीही अब्रू जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “नऊ नंबर पुन्हा बघू या एकदा. माझ्या मनाला चुटपुट लागलीय.”

पाटी सापडेना. सापडली ती मोरीपाशी. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ती साबण आणि ओली फडकी ठेवायला घेतली होती. “टाकून दिलेली होती,” मावशी म्हणाल्या. “खरखरीत आहे, साबण घसरत नाही.” थोरलीनं ती धुऊन पुसून घेतली, दिव्याखाली भरली आणि सकाळी आठ वाजता खोलीत लावली.

सहाव्या तासाचा आकडा तिनं वाचला, तोही डोळे ताणून. सातव्या तासाला काका पुठ्ठा सरकवून गेले आणि समोर काही नव्हतं. तिला वाटलं, काका पुठ्ठा लावायला विसरले. हात पुढं करून चाचपलं, पुठ्ठा होता. नजर बाजूला नेली, परत आणली, डोळे मिटून पुन्हा उघडले. काळोख. आठव्या तासाला तर प्रश्नच नव्हता.

काका निघून गेले तरी ती तिथंच बसून राहिली. तिनं जे खोटं लिहिलं होतं ते आता खरं झालं होतं. वहीत सहा होते आणि पाटीही सहाच तास चालत होती. यापुढे जगातल्या कुणालाही तिची चोरी धरता आली नसती. बाहेर जायचं, ‘सहाच’ म्हणायचं, संपलं. सुटका इतकी पूर्ण होती की तिची तिलाच भीती वाटली. पाटी सहावर थांबली असेल, पण त्या दिवशी आठव्या तासाला सातचा आकडा होता. तो तिनं पाहिला होता. मधल्या दिवसांत पाटीला काहीतरी झालं होतं. काय, ते तिला सांगता येत नव्हतं. ज्या एकटीला सांगता आलं असतं तिला मुळात काही झालंय हेच माहीत नव्हतं, आणि थोरलीनं तोंड उघडल्याशिवाय ते कधी कळणारही नव्हतं.

बाहेर धाकटी आणि काका उभे होते.

“सहाच ना?” धाकटीनं विचारलं. तिच्या आवाजात आशाही नव्हती.

“आज सहा.”

“आज म्हणजे?”

“त्या दिवशी आठ होते.” थोरलीनं भिंतीला हात टेकला. “मी वाचला होता आकडा. सातव्या तासालाही आणि आठव्यालाही. मी खोटं लिहिलं.”

 धाकटी अगदी शांतपणे म्हणाली, “कोणते आकडे होते?”

“सातव्याला चार. आठव्याला सात.”

“काका, त्या दिवसाची चिठ्ठी आहे?”

काका जुन्या चिठ्ठ्या एका तारेत ओवून ठेवत. त्यांनी तार काढली, एकेक चिठ्ठी मागं सारली, एकीपाशी थांबले. वाचून त्यांनी ती धाकटीच्या हातात दिली, चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि “मिक्सर बघतो जरा,” म्हणून निघून गेले. मिक्सर बंद होता.

थोरली वाट बघत होती. कशाची, ते तिला ठाऊक नव्हतं. ओरडण्याची असेल, रडण्याची असेल. धाकटी म्हणाली, “पाटी एवढे दिवस होती कुठं?”

“मोरीपाशी. साबणाखाली.”

धाकटीनं आत जाऊन पाटी आणली, खिडकीपाशी नेली, तिरपी धरली. अंगठ्याच्या नखानं एक कोपरा खरवडला. पांढुरका भुगा निघाला. “पाणी,” ती म्हणाली. “पाण्यानं दाणा खाल्लाय.” आणि पाटी घेऊन ती टेबलाकडे गेली. थोरलीकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी धाकटी एकटी घरी गेली. पुढचे तीन दिवस तेच. सकाळी थोरली दाराशी यायची तोवर ती कोपऱ्यावर पोचलेली असायची. घरात ती सगळ्यांशी बोलायची, मुलीचा अभ्यास घ्यायची, सासूबाईंना औषध द्यायची. थोरली समोर आली की हातातलं काम बदलायची.

थोरलीनं मधल्या दिवशी एक केलं. वही उघडून त्या पानावरचे ‘सहा’ एका सरळ रेघेनं खोडले, वर ‘आठ’ लिहिले आणि समासात लिहिलं: ‘आठव्या तासाला आकडा वाचता आला होता. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं.’ पुन्हा सही केली आणि वही उचलून मालकांसमोर ठेवली.

मालकांनी दोनदा वाचलं. “मुद्दाम म्हणजे?”

“मुद्दाम म्हणजे मुद्दाम.”

“पण का?”

थोरलीनं वही त्यांच्याकडे अजून थोडी सरकवली. मालकांनी वही मिटली. ते ओरडणाऱ्यांपैकी नव्हते. “चौदा वर्षांत मी तुमच्या आकड्यावर एकदाही शंका घेतली नाही,” ते म्हणाले. “आता मागच्या सगळ्या पानांकडे मी कसा बघू?”

“मागचं सगळं खरं आहे.”

“असेल. पण यापुढं आत दोघं बसतील.”

मालकांच्या खोलीतून बाहेर पडताना तिला वाटलं, काढूनच टाकलं असतं तर निदान घरी तोंड लपवून बसता आलं असतं.

इकडे धाकटीनं सगळं नव्यानं मांडलं. दाणा पुन्हा जाड, खाली पांढरा थर, म्हणजे नऊ नंबरच. पण दाण्यांना आधीच पातळ कवच दिलेली पावडर तिनं मागवली, पाण्यात कालवायचा रंग सोडून राळेत कालवायला घेतला आणि वरून काचेसारखा पारदर्शक हात दिला. मग ती पाटी खारट पाण्याच्या बादलीत दहा दिवस बुडवून ठेवली. बोटीवर पाणी काही विचारून येत नाही, ती काकांना म्हणाली. मालकांनी बोटकंपनीकडून दोन आठवडे मागून घेतले.

अकराव्या दिवशी पाटी पुसून, भरून, अंधाऱ्या खोलीत लावली. दुसरं माणूस म्हणून धाकटी स्वतःच आत बसली. दोन खुर्च्या शेजारीशेजारी. एकमेकींचा श्वास ऐकू येत होता, चेहरे दिसत नव्हते. पहिले तास गेले, दोघी आकडे वाचून बाहेर जाऊन आपापल्या कागदावर लिहीत आणि परत येऊन बसत. सातव्या तासानंतर आत बसल्यावर धाकटी म्हणाली, “का केलंत, ताई?”

“तू त्या बाईंना म्हणालीस, त्याला काही शिकायला लागत नाही, नुसते डोळे लागतात.”

“मी म्हणाले?”

तिला आठवतही नव्हतं. थोरलीला ते नव्यानं टोचलं.

“तेवढंच नव्हतं,” ती म्हणाली. अंधारात बोलणं सोपं होतं. “तू आल्यापासून माझ्या पोटात दुखतंय. मुलगी तुझ्याकडे येते, आई तुला विचारतात, मालक तुला मॅडम म्हणतात. मीच तुला इथं आणलं आणि मीच तुझ्यावर जळत बसले. तू काही वाईट केलंस म्हणून नाही. चांगलं करत होतीस म्हणून.”

धाकटीनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“माझे सतरा दिवस गेले,” ती म्हणाली. “दिवसांचं काही नाही. पण मला खरंच वाटायला लागलं होतं, की मला काही येत नाही. मी बरोबर होते तेव्हाच मला तसं वाटत होतं. ते मी इतक्यात विसरणार नाही. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून पाणी सापडलं, हेही खरं. पण मला अजून राग आहे.”

“असू दे.”

“घरी मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्यासाठी नव्हे. सांगितलं असतं तर आई म्हणाल्या असत्या, थोरली असं करणारच नाही, तुझीच काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल. तुमच्याबद्दल त्या घरात कुणी वेडंवाकडं ऐकून घेत नाही. माझ्याबद्दल घेतात.”

हे ऐकून थोरलीला बरं वाटलं. ज्या बाईचं आपण नुकसान केलं तिच्या शेजारी बसून बरं वाटलं, म्हणून लगेच लाजही वाटली. 

काका चाचपडत आले, पुठ्ठा बदलून गेले. आठव्या तासाला दोघींनी वेगवेगळ्या कागदांवर एकच आकडा लिहिला: दोन. काकांच्या चिठ्ठीत दोन होता. धाकटीनं कागद कपाळाला लावला आणि तशीच उभी राहिली. “नववा बघू या का?” थोरली म्हणाली. “कंपनीला नको आहे, पण बघू.”

पाच वाजता, नवव्या तासाला, धाकटीनं कागद कोरा ठेवला. थोरलीनं पाच लिहिला. काकांनी चिठ्ठी उलगडली. पाच.

“तुम्हाला खरंच दिसला?” धाकटी म्हणाली.

“रोखून बघू नकोस. नजर जरा बाजूला ठेव, म्हणजे येतो.”

धाकटी पुन्हा आत गेली आणि पंचवीस मिनिटांनी बाहेर आली. मान हलवून म्हणाली, “नाही. मला नाही येत.” हे सांगताना ती कित्येक दिवसांनंतर पहिल्यांदाच थोरलीकडे सरळ बघत होती.

बोटकंपनीनं आधी एका बोटीपुरत्या पट्ट्या घेतल्या. त्या बसवताना कुणीतरी जाणकार तिथं हवं होतं, म्हणून मालकांनी धाकटीला दीड महिन्यासाठी बंदरावर पाठवलं. निघायच्या सकाळी सासूबाई दारात उभ्या राहून रडल्या. मुलीनं काकूच्या बॅगेत स्वतःचं चित्र घातलं. थोरली बॅग धरायला कोपऱ्यापर्यंत गेली. बस सुटताना तिला जाणवलं की पोटातलं ते दुखणं तसंच्या तसं आहे. आपण तर कधी बोटही पाहिलेली नाही, असं तिच्या मनात आलं. ती कामावर गेली.

तिसऱ्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. बंदरावर वारा होता, आवाज तुटत होता. पावडरीच्या नव्याने आलेल्या गोणीतल्या पहिल्या पाटीचा निकाल तिला हवा होता.

“नऊ तास,” थोरली म्हणाली. “दहाव्याला नाही दिसला.”

पलीकडे क्षणभर वाराच ऐकू आला. मग धाकटी म्हणाली, “नक्की ना, ताई?”

थोरलीला झोंबलं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नक्की,” ती म्हणाली. “पाहिजे तर मावशींना विचार. आता आत माझ्याबरोबर त्या बसतात. दहाव्या तासाला त्यांना तीन दिसला, मला काहीच दिसलं नाही. काकांच्या चिठ्ठीत आठ होता.”

धाकटी हसली. थोरली हसली नाही, पण तिनं फोनही ठेवला नाही. धाकटी विचारत होती, दहाव्या तासाला काहीच नव्हतं, की थोडंसं धुकं होतं, आणि थोरलीनं डोळे मिटून, नीट आठवून, जे होतं तेवढंच सांगितलं.